इतिवृत्तातली एक ओळ

 

पोस्ट मोठी झालीय, सवडीने वाचा. विषय चर्चचा आहे, पण चर्चला न जाणाऱ्या मित्रांनीही वाचावा. कमिट्या सगळ्यांकडेच असतात. देवस्थानाची असो, मशिदीची असो की विहाराची, खुर्च्यांवर कोण बसतं आणि चहा कोण करतं हे सगळीकडे जवळपास सारखंच असतं.

सुरुवात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपपासून करतो. एरवी तिथे सकाळचं वचन, वाढदिवस आणि कुणाच्या तरी ऑपरेशनसाठी प्रार्थनेची विनंती, एवढंच असतं. ३ ऑक्टोबरला बातमी आली की कँटरबरीच्या आर्चबिशप पदासाठी सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं. इंग्लंडच्या चर्चचं हे सगळ्यात मोठं पद आणि त्यावर पहिल्यांदाच बाई. त्याआधीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीनामा जाहीर केला होता. मुलांवर अत्याचार करणाऱ्या एका माणसाच्या प्रकरणात चर्चने वेळेवर हालचाल केली नाही, असा अहवाल आला होता. म्हणजे खुर्ची साध्या कारणाने रिकामी झालेली नव्हती.

मग १६ ऑक्टोबरला 'गॅफकॉन'चं पत्रक आलं. २००८ साली जेरुसलेमला पहिल्यांदा भरलेली ही पुराणमतवादी अँग्लिकन लोकांची चळवळ. जोर आफ्रिकेतल्या चर्चेसचा. कँटरबरीचं पुढारपण आम्हाला मान्य नाही, आम्हीच खरं अँग्लिकन कुटुंब, असा त्या पत्रकाचा सूर.

झालं. ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्या. ज्या पोरांना कँटरबरी नकाशावर दाखवता येणार नाही, ती "आम्ही आफ्रिकेसोबत" म्हणायला लागली. दुसऱ्या बाजूने "जग कुठं चाललंय आणि तुम्ही कुठं" सुरू झालं. कुणी तीमथ्याच्या पत्रातला दुसरा अध्याय टाकला, कुणी गलतीकरांच्या पत्रातला तिसरा. दोन दिवस नुसता धुरळा.

त्या धुरळ्यात माझ्या भाचीने एकच ओळ टाकली. "त्या आधी नर्स होत्या."

खरं आहे. मुलाली बाई पेशाने परिचारिका, १९९९ साली इंग्लंडच्या मुख्य नर्सिंग अधिकारी झाल्या. आणि माझी भाची नांदेडला एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. तिची ओळ कुणी फारशी मनावर घेतली नाही. मी घेतली, कारण तिचा एक कागद तीन आठवडे माझ्या कपाटात पडून होता.

कागद असा. तिला पाळक व्हायचंय. पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकायचंय. (जुन्या लोकांना हे 'यवतमाळचं सेमिनरी' म्हणूनच माहीत असेल, १९८३ ला ते पुण्याला गेलं.) पण दीक्षेच्या वाटेने जायचं तर आधी आपल्या मंडळीची शिफारस लागते. पुढचं धर्मप्रांत बघतो. मी आमच्या कमिटीचा सेक्रेटरी. अर्ज माझ्याकडे आला आणि मी तो कमिटीपुढे ठेवलाच नाही.

विचारलं तर कारणं तयार होती. यंदा अतिवृष्टीने सोयाबीन गेलं, हंगामाच्या सणाला अर्पण निम्म्यावर आलं, फी कोण भरणार? एकट्या पोरीने वाड्या-वस्त्यांवर कसं फिरायचं? हल्ली घरात चार माणसं प्रार्थनेला बसली तरी धर्मांतराचा संशय घेतात, उद्या काही झालं तर? लग्नाचं काय? यातलं एकही कारण खोटं नाही. पण खरं कारण यातलं नव्हतं. खरं कारण असं, की कमिटीतल्या दोन ज्येष्ठांशी मला वाद नको होता.

आता मागचं सांगतो, त्याशिवाय हे कळणार नाही.

ही भाची म्हणजे माझ्या मोठ्या मावशीची नात. मावशी 'बायबल बाई' होती. नवीन पोरांना हा शब्द माहीत नसेल. मिशनच्या काळापासून खेड्यापाड्यांत फिरून बायकांना वाचायला शिकवणारी, शास्त्र सांगणारी, बाळंतिणीजवळ बसणारी बाई. मानधन नावाला. कळमनुरी, औंढा, सेनगावकडच्या कितीतरी वस्त्यांवर चर्च म्हणजे मावशी आणि तिची कापडी पिशवी. पाळकसाहेब महिन्यातून एकदा, तेही एसटी मिळाली तर.

१९९८ चा पावसाळा. हिंगोली अजून परभणीतच होती, जिल्हा पुढच्या वर्षी १ मे ला झाला. कयाधूला पूर होता, रस्ते बंद. एका वस्तीवर आपल्यातल्याच घरी तीन वर्षांचं लेकरू तापाने गेलं. पाळकसाहेब नदीच्या या अंगाला, वस्ती त्या अंगाला. मावशी तिथेच मुक्कामी होती. तिने पुस्तक काढलं, दफनाची उपासना स्वतः वाचली, मूठभर माती टाकली. संध्याकाळी त्या घरात बसून भाकर मोडली, प्रार्थना केली आणि सगळ्यांना एकेक घास दिला. कुणी खाल्लं नव्हतं दिवसभर. ते प्रभुभोजन होतं की नुसतं जेवण, ते तिलाच ठाऊक.

बातमी इकडे आली ती अशी, की बाईने दफन केलं आणि वर प्रभुभोजन दिलं. कमिटी बसली. वडील तेव्हा सेक्रेटरी होते. माझं अक्षर चांगलं म्हणून इतिवृत्त लिहायला मला बसवलं. मी विशीतला. मावशीला विचारलं गेलं, हा अधिकार तुम्हाला कुणी दिला? ती दाराशी उभी होती. म्हणाली, "लेकरू रातभर तसंच ठिवायचं होतं का?"

कुणी बोललं नाही. थोड्या वेळाने अध्यक्षांनी मजकूर सांगितला आणि मी लिहिला. "बाईंना योग्य ती समज देण्यात आली."

ते रजिस्टर आजही माझ्या कपाटात आहे. मावशी जाऊन नऊ वर्षं झाली. भाचीचा अर्ज मी ठेवला तो नेमका त्याच रजिस्टरवर. मुद्दाम नाही. जागा तिथेच होती.

अँग्लिकन चर्चचा इतिहास वाचताना मला एक नाव सापडलं, फ्लोरेन्स ली टिम-ओई. चिनी बाई. दुसऱ्या महायुद्धात हाँगकाँग जपानच्या ताब्यात, मकाऊत शरणार्थ्यांची गर्दी आणि तिथे जाऊ शकेल असा पाळकच नाही. ही बाई डिकन होती, मंडळी तीच सांभाळत होती. शेवटी बिशप हॉल यांनी २५ जानेवारी १९४४ ला तिला पाळकपदाची दीक्षा दिली. अँग्लिकन जगातली पहिली स्त्री पाळक ती. कुठल्या परिषदेत ठराव झाला म्हणून नाही. लोकांना भाकर द्यायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून. युद्ध संपल्यावर एवढा ओरडा झाला की १९४६ ला तिने आपणहून तो अधिकार बाजूला ठेवला. इंग्लंडमध्ये बायकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली ती थेट १९९४ साली.

पूर होता तोवर मावशी चालली. पूर ओसरला आणि समज देण्यात आली. मकाऊ काय आणि कयाधू काय.

"हे सगळं गोऱ्यांचं खूळ" म्हणणाऱ्यांसाठी आपल्या घरचं उदाहरण देतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला, अँग्लिकन चर्चमध्येच. पुढे चेल्टनहॅमला असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशप साहेबांनी नकार कळवला. का, तर त्यामुळे बाईंची त्यांच्याच लोकांत पत जाईल. रमाबाईंनी लिहून पाठवलं, की मी मायदेशी पुरुषांच्या सभांत बोलत आलेली बाई आहे, हे बंधन मला मान्य नाही. आपला विवेक त्या कुणाच्या हाती द्यायला तयार नव्हत्या. ही पत्रं १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापली आहेत, मिळाली तर जरूर वाचा. त्याच बाईने पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं आणि ते छापण्याचं कामही तिथल्या बायकांनीच केलं. १९०५ चं केडगावचं संजीवन आमच्या नव्या फेलोशिपवाल्या भावांना फार प्रिय. बरोबर आहे, असायलाच पाहिजे. पण ते एका बाईच्या आश्रमात, पोरीबाळींच्या प्रार्थनेतून उठलं होतं, हे सांगायचं विसरू नका.

आता फेलोशिपवाल्यांबद्दल. आमच्यातले काही जुने लोक त्यांना "पत्र्याच्या शेडवाले" म्हणून हिणवतात. मला ते पटत नाही. रात्री दोनला दवाखान्यात आमचं कुणी नसतं, त्यांचं असतं. त्यांच्यातल्या एका तरुण पास्टरशी माझी चांगली मैत्री आहे. बायकांनी मंडळीवर अधिकार चालवू नये असं तो शास्त्र उघडून सांगतो. पोटापाण्यासाठी नाही, मनापासून. मी त्याला म्हणालो, तुझ्या शेडमध्ये साक्ष बायका देतात, गाणी बायका घेतात, आजाऱ्यावर हात ठेवून प्रार्थना तुझी बायको करते. मग राहिलं काय? तो हसला, म्हणाला, "भाऊ, राहिला फक्त माईक."

आणि आमचं? २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन सी. एन. आय. झालं. अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट, सगळे आपापली जुनी भांडणं मागे ठेवून आले.  त्यात बायकांना दीक्षेची बंदी नाही. फुलबनी धर्मप्रांतात व्हायोलेट नायक बाई बिशप झाल्या. दक्षिणेकडच्या सी. एस. आय. मध्ये तर २०१३ लाच पुष्पा ललिता बाई नंद्यालच्या बिशप झाल्या. म्हणजे आमच्यासारख्या जुन्या मंडळ्यांकडे नियम आहे पण रीत नाही आणि शेडवाल्यांकडे रीत आहे पण नियम नाही. दोन्हीकडे चहा बायकाच करतात.

गॅफकॉनचं पत्रक फिरवणाऱ्या पोरांना एक सांगतो. तिकडचं भांडण मुख्यतः समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायचा की नाही यावरून पेटलंय. त्या प्रश्नावर माझं स्वतःचं मन अजून ठरलेलं नाही, आज त्यावर बोलत नाही. पण बायकांच्या बाबतीत सगळी आफ्रिका एका बाजूला आहे असं समजू नका. गॅफकॉनमध्ये असलेल्या केनियाच्या चर्चनेच २०२१ साली रोझ ओकेनो यांना बुटेरेच्या बिशप केलं. फॉरवर्ड करण्याआधी निदान एवढं बघा.

आणि आपण नरसीपासून हाकेच्या अंतरावरचे लोक. नामदेवांच्या गावचे. त्यांच्या घरची दासी जनाबाई, जात्यावर बसून विठ्ठलाला तू म्हणणारी. तिला अधिकार कुठल्या कमिटीने दिला होता? सातशे वर्षं झाली, लोक अजून म्हणतात ते अभंग. या मातीत वाढून आम्ही बाईच्या तोंडच्या देवाच्या नावाला घाबरावं, हे काही बरं नाही.

शास्त्राचा आधार मागणाऱ्यांना माझं थोडक्यात उत्तर. पौलाची ती वचनं मी पण वाचतो, ती पुसून टाका म्हणत नाही. पण त्याच पौलाने रोमकरांना पत्र लिहिताना फिबीची शिफारस केली. अक्षरशः शिफारस, की हिला नीट वागवा, लागेल ती मदत करा. आणि येशू उठल्याची बातमी आधी मग्दालीया मरीयेला मिळाली, ती तिने शिष्यांना जाऊन सांगितली. तिला त्या दिवशी "योग्य ती समज" दिली असती तर आज आपल्याकडे सांगायला काय राहिलं असतं?

परवा भाची घरी आली होती. अर्जाचं विचारलं नाही, तेच जास्त लागलं. जाताना चप्पल घालता घालता म्हणाली, "मामा, नाही म्हणायचं असलं तर नाही म्हणा. पण कागद पुढं तर ठेवा. आजीला निदान बोलवून तरी विचारलं होतं."

येत्या रविवारी उपासनेनंतर कमिटी आहे. अर्ज विषयपत्रिकेवर पहिला घेतलाय. सूचक म्हणून माझं नाव आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही. फीचा अर्धा भार मी उचलतो असं लिहून दिलंय. कमिटी नाही म्हणू शकते, तो तिचा हक्क आहे. पण मतदान हात वर करून व्हावं आणि नाही म्हणणाऱ्याने कारण सांगावं, एवढी मागणी मी करणार आहे. ते कारण शब्द न बदलता मी इतिवृत्तात लिहीन.

दुसरी एक विनंती आहे. १९९८ ची ती ओळ खोडता येत नाही, रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही. पण समासात टीप लिहायची परवानगी मागणार आहे. टीप मी तयार ठेवलीय. "त्या दिवशी नदीला पूर होता. बाई तिथे हजर होत्या." अक्षर माझंच असेल.

आमच्या मंडळीचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. दोष असेल तर त्यात माझा वाटा आहे आणि तो मी वर सांगितलाय. वेगळं मत असणाऱ्यांनी खाली जरूर लिहा, शास्त्र उघडून लिहा, मी वाचतो आणि उत्तर देतो. फक्त पोरीबद्दल वेडंवाकडं कुणी लिहू नका. रविवारी काय झालं ते सोमवारी कळवतो.