रंगाखालचा पोचा

घरातील एखादी जुनी वस्तू ठेवावयाची की मोडीत काढावयाची, असा प्रश्न निघाला म्हणजे एकत्र कुटुंबात जितकी माणसे तितकी मते होतात. आमच्या कापड्याच्या घरी हा प्रश्न निघाला तो एका मोटारीवरून. ही मोटार म्हणजे १९७९ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली प्रीमियर पद्मिनी. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची ही गाडी पूर्वी फियाट म्हणून विकली जाई; ‘पद्मिनी’ हे नाव तिला १९७४ मध्ये मिळाले. आमचे तीर्थरूप अप्पा यांनी ती १९८८ साली दुसऱ्या हाताने घेतली. तेव्हापासून तिने मुंजी पाहिल्या, लग्ने पाहिली आणि बाळंतिणींना महाडहून घरी आणिले.

गेली काही वर्षे ती पडवीशेजारच्या मांडवात उभी होती. कोकणातील पावसाने तिचा मूळचा हस्तिदंती रंग जागोजागी फुगून आला होता. वडील बंधूंचे म्हणणे, ही भंगारात द्यावी. पुतण्याचे म्हणणे, तिला रुपेरी मेटॅलिक रंग द्यावा, म्हणजे गावात अशी गाडी दुसरी दिसावयाची नाही. अप्पा काहीच बोलले नाहीत. त्यांचे वय अठ्ठ्याऐंशी; काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेलेली. तथापि रोज सकाळी ओले फडके घेऊन, चाचपत चाचपत, ते ती गाडी पुसून काढीत. हे मी पाहत होतो. म्हणून ‘रंगाचे काम मी घरीच करतो’ असे मी सांगून टाकिले. वहिनी म्हणाल्या, “भावोजी, देव्हाऱ्याला रंग देताना तुम्ही अर्धा रंग देवांना दिला होता.” पण मी शब्द देऊन चुकलो होतो. रंग बदलला की नोंदणीच्या पुस्तकात तो बदलून घ्यावा लागतो. तेव्हा पेणच्या परिवहन कार्यालयाची वारी आलीच.

मेटॅलिक रंग म्हणजे काय, हे मला तेव्हाच प्रथम कळले. साध्या रंगात केवळ रंगद्रव्य असते. ह्यात ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म चपटे कण मिसळलेले असतात. बर्फीवरच्या वर्खाचा चुरा पातळ रंगात घोळावा, तसे म्हणा ना. हे सर्व कण पृष्ठभागावर सपाट निजले म्हणजे प्रकाश एकसारखा परततो व चकाकी येते. काही आडवे, काही उभे राहिले की त्या ठिकाणी काळसर ढग उमटतात. आणि ह्या रंगाचा दुसरा स्वभाव असा की, तो काही लपवीत नाही. हस्तिदंती रंगाखाली खपून जाणारा ओरखडा रुपेरी रंगाखाली चांगला उठून दिसतो. सबब गुळगुळीतपणा हा रंगात नसून रंगाच्या खाली असतो, हा पहिला धडा.

हा धडा मला पेणच्या मेहुण्यांनी दिला. पेणेस गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत, हे सर्वांस ठाऊकच आहे. तेथे मूर्तीच्या अंगाचा रंग हल्ली कॉम्प्रेसर व गन यांनीच मारतात. मेहुण्यांचे उभे आयुष्य त्यात गेले. ते दोन दिवस येऊन राहिले आणि म्हणाले, “गन शेवटी. आधी महिनाभर कागद घास.” तेव्हा मी घासू लागलो. फुगलेला रंग व गंज काढून उघड्या पत्र्यास प्रायमर, खोलगट जागी लांबी, लांबीवर आधी ऐंशी नंबरचा व मग एकशेऐंशी नंबरचा कागद, पुन्हा प्रायमर, त्यावर पाण्यात भिजविलेला चारशेचा आणि अखेर सहाशेचा. प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ धूर मारावयाचा आणि मग घासावयाचे. जेथे काळे उरते तेथे खळगा आहे असे समजावे. युक्ती मोठी नामी आहे.

परंतु माझ्या घरात ह्या युक्तीहून नामी असे एक साधन होते. अप्पा रोज दुपारी खुर्ची टाकून बसत आणि बोटांच्या अग्रांनी पत्रा तपासीत. “इथे थोडे उंच आहे.” “इथे कागदाची धार लागली आहे.” मी काळा धूर मारून पाही, तो त्यांचे म्हणणे खरे ठरे. असे करता करता एके दिवशी त्यांचा हात मागच्या डाव्या मडगार्डावर आला. तेथील जुनी लांबी मी त्याच सकाळी खरवडून काढली होती, व खालचा पोचा उघडा पडला होता. त्यांची बोटे तेथे थांबली. “हा तोच ना रे, चौऱ्याण्णव सालचा?”

वाचकहो, येथे मला थोडे मागे गेले पाहिजे. त्या काळी आमच्याकडे गावातीलच एक तरुण महिन्याच्या पगारावर गाडी हाकावयास होता. १९९४ च्या मे महिन्यात एका दुपारी तो जेवावयास गेला असता मी, कॉलेजातून सुटीस आलेला एकोणीस वर्षांचा शहाणा, किल्ली घेऊन आंबेनळी घाटात गेलो. एका वळणावर गाडी मागे घेताना ती कठड्यास घासली. गुपचूप परत आणून मी ती मांडवात उभी केली. संध्याकाळी पोचा दिसला. त्या बिचाऱ्यास काही उत्तर देता येईना. अप्पा शिस्तीचे; खोटे बोलतो म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी त्याचा हिशेब चुकता केला. मी माजघराच्या दारात उभा होतो. एक शब्द बोलावयाचा होता. तो मी बोललो नाही. मग तो मुंबईस गेला. पुढे महाडच्या एका कारागिराने त्या पोच्यात लांबी भरली, वर रंग बसला आणि माझ्यापुरते ते प्रकरण मिटले.

अप्पांचा प्रश्न ऐकून माझ्या हातातला ओला कागद तसाच राहिला. “होय, तोच,” असे म्हणून थांबता आले असते. पण त्यांची बोटे त्या खळग्यात होती. मी सारे सांगून टाकिले. अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. रागावले असते तर बरे, असे मला वाटले. शेवटी ते उठले, काठी घेतली, आणि एवढेच म्हणाले, “रंग लावण्याआधी त्याच्याकडे जाऊन ये. आणि माझेही सांग. मी त्याला नीट विचारले नव्हते.”

तो गृहस्थ मुंबईत टॅक्सी चालवून आता गावी परतला होता. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी वडील. मी ओटीवर बसून, जेवढे बोलता आले तेवढे बोललो. तो ऐकत होता. “मला तेव्हाच ठाऊक होतं, भाऊ,” तो म्हणाला. “शिटा पुढं ओढलेल्या होत्या. पण मालकांच्या लेकाचं नाव कोण घेणार?” मग थोड्या वेळाने, “माझी आई मात्र ते मनात ठेवूनच गेली.” ह्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही नाही. चहा आला. मुंबईत त्याने पद्मिनीच चालविली होती. त्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींपैकी शेवटची ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली, हे त्याने वर्तमानपत्रात वाचून ठेविले होते. निघताना त्याने विचारले, “रंग कोणता देताय?” मी सांगितला. “रुपेरी? मग तो पोचा नीट भरा. दिसंल.”

पोचा मी पुनः भरला, अप्पांनी तीनदा नापास केला, चौथ्यांदा ‘ठीक’ म्हटले. मग जानेवारीतील एक निवांत, कोरडा दिवस पाहून, सकाळचे दव उडाल्यावर, अकराच्या सुमारास गन हाती घेतली. हवेत दमटपणा असला की थिनर उडताना पत्रा गार पडतो, त्यावर बाष्प धरते आणि रंग दुधाळ होतो. म्हणूनच आमच्याकडे पावसाळ्यात हे काम वर्ज्य. कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेले पाणीही आधी सोडून द्यावे लागते.

बॉनेटवर माझी फजिती झाली. उत्साहाने मी ओला, जाड हात मारला. कण रंगात पोहत राहिले व मन मानेल तसे बसले. वाळल्यावर पाहतो तो आषाढातले आभाळ! मेहुण्यांना फोन केला. ते म्हणाले, “त्याला कागद लावू नकोस, कण कापले जातील आणि डाग पडतील. वरून पुन्हा पातळ हात दे.” त्यांच्या सांगण्याप्रमाणे गन पत्र्यापासून वीतभराच्या आत आणि नेहमी काटकोनात धरिली, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढविला, दोन हातांच्या मध्ये दहापंधरा मिनिटे थांबलो, आणि अखेरचा हात दीड वीत दूरवरून, अगदी विरळ धुक्यासारखा दिला. ढग विरले.

त्यावर पारदर्शक लॅकरचे तीन हात. येथे घरी काम करणारांस एक इशारा दिला पाहिजे. कठीणक मिसळून वापरण्याच्या लॅकरात आयसोसायनेट असते; त्याच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो, आणि साधा मुखवटा त्यास पुरत नाही. घरात लहान मुले व वृद्ध असताना मी त्या वाटेस गेलो नाही. साधे, एकाच डब्याचे लॅकर घेतले. पेट्रोल सांडले तर ते खराब होते. तेवढे सांभाळावे लागते. थिनरच्या वाफेकरिता मुखवटा मात्र तेव्हाही लावलाच. मांडव तिन्ही बाजूंनी उघडा ठेविला, आणि त्या दिवशी स्वयंपाकघरातील शेगडी व देवघरातील समई काम संपेपर्यंत पेटविली नाही. सौभाग्यवतींनी सर्वांना दहीपोहे दिले. तीन आठवड्यांनी पंधराशेचा व दोन हजारचा ओला कागद, आणि मग हातानेच पॉलिश.

गाडी चांगली दिसते. बॉनेटच्या उजव्या कोपऱ्यात एक ढग अजून आहे; ऊन तिरपे पडले म्हणजे पुतण्या तो पाहुण्यांना हटकून दाखवितो. पहिल्या दिवशी अप्पांना पुढच्या आसनावर बसवून पोलादपुरास नेले. गाडी हाकावयास मी बसलो नव्हतो. मी मागे बसलो होतो. चाकावर तो होता. अप्पांनी निरोप धाडून त्यास बोलाविले होते. वाटेत दोघे हवापाण्याचे व भाताच्या पिकाचे बोलले, जुने काही निघाले नाही. परतल्यावर तो खाली उतरला, मागे वळसा घालून डाव्या मडगार्डापाशी आला, आणि त्यावरून एकदा तळहात फिरवून घरी गेला.