पैलवान रुसला

टाकीतलं पाणी बदललं की आमचा मासा मरायचा. म्हणजे तळाला जाऊन कुशीवर पडायचा, अंगाचा रंग उतरायचा, एक डोळा वर छताकडे, आणि कल्ले हलतायत की नाही हे काचेला नाक लावल्याशिवाय कळायचं नाही. पहिल्यांदा हे बघून मी अशी किंचाळले की अण्णा, म्हणजे माझे सासरे, आंघोळ अर्धी टाकून टॉवेलवर बाहेर आले. तासाभराने मासा उठला, अंग झटकलं आणि घडलंच नाही काही अशा तोऱ्यात फेऱ्या मारायला लागला.

ऑस्कर जातीचे मासे रुसतात. टाकीत आपली हद्द ते ठरवून घेतात आणि तिथला साधा दगड इकडचा तिकडे केला तरी त्यांना सोसत नाही. आमच्या घरात हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. सासूबाईंनी पदराला हात पुसत अण्णांकडे एकदा बघितलं आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मुलासाठी टाकी घ्यायची ठरली तेव्हा साताऱ्याहून माझ्या वडिलांनी, नानांनी, निरोप पाठवला होता की गुरामी घ्या. नाना निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडे मोती गुरामी होत्या, अंगभर पांढरे ठिपके आणि पोटाखाली दोन लांब दोऱ्यांसारखे पर, त्यांनी त्या वाटेतली प्रत्येक वस्तू चाचपून बघत. भांडण नाही, धसमुसळेपणा नाही. मधूनमधून वर येऊन हवेचा एक घोट घ्यायचा आणि परत खाली. गुरामीला कल्ल्यांच्या वर एक जादा अवयव असतो, त्यामुळे तिला वरची हवाही चालते. दक्षिण आशियातल्या साचलेल्या, कमी प्राणवायूच्या पाण्यात तिचे भाईबंद त्याच्यावरच जगतात. नानांना हे फार आवडायचं. एवढ्याशा जिवाने पर्यायी व्यवस्था करून ठेवलीय म्हणायचे.

निरोप नानांचा होता, एवढ्यावरच अण्णांनी ऑस्कर आणला.

याला कारण होतं. माझ्या लग्नात मानपानावरून काहीतरी बिनसलं होतं. नेमकं काय, ते दोघांनी वेगवेगळं सांगितलंय, आणि आता खरं कोणाचं यात मला रस उरलेला नाही. तेव्हापासून दोघे व्याही एकमेकांशी थेट बोलत नसत. ‘वडिलांना सांग’ आणि ‘सासऱ्यांना विचार’ यांच्या मधला टपाल खात्याचा कारभार माझ्याकडे. दिवाळीत समोरासमोर बसले तरी बोलणं माझ्यामार्फत.

दुकानात ऑस्कर दोन बोटं लांब होता. दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा फूटभर वाढतो, हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि अण्णांनी विचारलं नाही. शेपटीच्या मुळाशी एक काळा डाग, त्याला नारिंगी कडं. मागच्या बाजूचा खोटा डोळाच. वर्षभरात त्याची मान अशी भरली की मुलाने नाव ठेवलं पैलवान. सांगलीत याहून वेगळं नाव सुचणार तरी कुठलं.

अण्णा हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. उन्हाळ्यात सौदे जोरात असले की त्यांची बोटं कितीही धुतली तरी पिवळी राहत. संध्याकाळी ती पिवळी बोटं काचेला लागली की पैलवान धावत यायचा. माझ्या हाताला तो येत नसे. मी पाणी बदलणारी, म्हणजे हद्द विस्कटणारी. पुढे घरात कुणीही फुगून बसलं की ‘पैलवान झालाय’ म्हणायची रीत पडली. हे सर्वांत जास्त वेळा कुणाला म्हटलं गेलं, ते सांगायची गरज नाही.

२०१९च्या ऑगस्टची ती रात्र मात्र सांगायला हवी.

आमचं घर गावभागात, जुनं, दुमजली. २००५च्या पुराची रेघ अण्णांनी खालच्या सोप्यातल्या भिंतीवर तेलरंगाने ओढून ठेवली होती, आणि माशाची टाकी हिशेबाने त्या रेघेच्या वर बसवली होती. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ला धोका, हे सांगलीत पोरांना पाढ्यांसारखं येतं. २००५ला ५३च्या वर गेलं होतं. त्याच्या पुढे जाणार नाही, असं अण्णांचं म्हणणं. गावातल्या पुष्कळांचं होतं. पण कोयना धरणातून लाखभर क्युसेक पाणी सुटलं, ते कराडला कृष्णेत आलं आणि खाली आमच्याकडे. संध्याकाळी अंगणात पाणी दिसलं तेव्हा अण्णा मला म्हणाले, “आलं बघ तुझ्या माहेरचं पाणी.” कोयना काय, कृष्णा काय, दोन्ही महाबळेश्वराच्या डोंगरातल्या, सातारा जिल्ह्यातल्या, उत्तर द्यायला जागा नव्हती.

रेघ रात्री बुडाली. भरलेली टाकी उचलणं शक्यच नव्हतं. सासूबाई तांब्याचा हंडा घेऊन आल्या. अण्णा ओरडले, तांबं माशाला विष. शेवटी धान्याचं प्लॅस्टिकचं पिंप रिकामं केलं, टाकीतलंच पाणी त्यात घेतलं आणि नवरा आणि अण्णा ते जिन्यावरून वर घेऊन गेले, पायरीपायरीला टेकत. पैलवान आत वळूही शकत नव्हता. वीज आधीच बंद केलेली. हवा सोडणारा पंप म्हणजे नुसतं खोकं.

मग अण्णांनी स्टीलचा तांब्या घेतला, पिंपातलं पाणी भरून हातभर उंचीवरून परत पिंपात ओतायला सुरुवात केली. धार पडते तेव्हा हवा मिसळते, एवढाच त्यातला हिशेब. ते दमले की नवरा, मग मी, मग सासूबाई. “देवाला अभिषेक नाही आज आणि माशाला रुद्र,” असं म्हणत त्या ओतत होत्या, पण त्यांच्या पाळीत एकदाही खंड पडला नाही. बाहेर काळोख, खाली सोप्यात कपाट पाण्यावर उलटल्याचा आवाज, आणि वर ही धार. मोबाइलवर पाण्याच्या उंचीचे निरोप येत होते, तेही बॅटरीबरोबर संपले.

पहाटे पिंपातलं पाणी गढूळलं. मासा तेवढ्याच पाण्यात श्वास घेतो आणि तेवढ्याचंच विष करतो. अण्णांनी पिण्याच्या हंड्याकडे बघितलं. पाच माणसांना तो केव्हापर्यंत पुरवायचा, हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि मुलगा माझ्या मांडीवर होता. मी हंड्यावर झाकण ठेवलं आणि त्याला पाठ टेकून बसले. अण्णांनी एकदाच विचारलं, “दोन तांबे?” मी नाही म्हणाले. आजही नाहीच म्हणेन. त्यांनी परत विचारलं नाही. भिंतीकडे तोंड करून त्याच जुन्या पाण्याची धार धरत राहिले.

दुसऱ्या दिवशी होडी आली. सासूबाई, मुलगा आणि मी निघालो. अण्णा येईनात, म्हणून नवराही थांबला. पाणी त्या वेळी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बचावाची होडी उलटली, माणसं गेली. त्या आठवड्यात, त्या महिन्यात, आमच्या घरी एक मासा आहे आणि त्याचं काय झालं, हे तोंडातून काढायची सोय नव्हती. नंतरही कधी नीट निघालं नाही.

तर पैलवान जगला होता. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल, आणि त्याला ठेवायला जागा नाही. नवरा त्याला पिंपासकट टेम्पोत घालून कराडमार्गे साताऱ्याला नानांकडे घेऊन आला. मुलाला घेऊन मी तिथेच होते. नानांनी न बोलता गुरामींना एका लहान टबात हलवलं, मोठी टाकी ऑस्करला दिली. एकत्र ठेवले असते तर त्याने त्या गिळल्याच असत्या. आणि अण्णांना, लग्नानंतर पहिल्यांदा, साताऱ्याला थेट फोन करावा लागला.

“कसा आहे?”

“पडून आहे,” नाना म्हणाले. “रुसलाय.”

“रुसणारच. कासचं पाणी आहे ते. त्याला कृष्णेची सवय.”

रोज रात्री हेच. सांगलीत अण्णा दिवसभर चिखल उपसत, भिंती धूत, आणि रात्री फोन करत. माशावरून सुरू झालेलं बोलणं गाळाच्या वासावर, भिजलेल्या वह्यांवर, नानांच्या गुडघ्यावर जायचं. मी बाजूला बसून ऐकायची. माझं टपाल खातं बंद पडलं होतं.

गणपतीच्या आधी एका सकाळी पैलवान खरंच मेला. नानांनी त्याला परसात कढीलिंबाखाली पुरला. त्या रात्री फोन आला, मी नानांकडे बघितलं, नानांनी माझ्याकडे. “रुसलाय अजून,” नाना म्हणाले. दुसऱ्या रात्रीही तेच. आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलेला माणूस इतकं सफाईने खोटं बोलताना मी तेव्हाच बघितला. मीही गप्प राहिले. माणूस भिजलेलं घर उन्हात वाळत घालतोय, त्याला आता हे सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं आणि त्यात कुणाला विचारलं नव्हतं.

विसर्जन झाल्यावर अण्णा साताऱ्याला आले. टाकीत गुरामी फिरत होत्या. ते थोडा वेळ बघत उभे राहिले. नानांनी घसा साफ केला.

“राहू दे, व्याही,” अण्णा म्हणाले. “तो इतका वेळ रुसत नाही. मला माहीत होतं.”

“मग रोज फोन करून विचारत कशाला होता?”

“तुम्ही काय सांगताय ते ऐकत होतो.”

दोघे परसात गेले. मी चहा ठेवायला आत गेले, म्हणून पुढचं मला माहीत नाही.

हे सगळं आता का, तर माझी भाची. साताऱ्यातल्या घरी तिला स्वतःची टाकी हवी आहे, आणि ऑस्कर की गुरामी यावर घरात दोन तट पडलेत. परवा व्हिडिओ कॉलवर तिने सांगलीच्या आजोबांनाच विचारलं. मला वाटलं, अण्णा ऑस्करच म्हणणार.

“गुरामी घे,” ते म्हणाले. “लाइट गेली तरी तिचं अडत नाही.”

“पण ती ओळखत नाही ना, आजोबा. ऑस्कर हाताला येतो.”

अण्णा जरा थांबले. “मग चार फुटी टाकी घे. आणि वरच्या मजल्यावर ठेव.”

“आजोबा, आम्ही अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहतो. इथे कुठला पूर?”

“तुमच्याकडे नाहीच येत,” अण्णा म्हणाले. “तुम्ही तो आमच्याकडे पाठवता.” मागून नानांचा हसण्याचा आवाज आला, आणि मग फोन नानांनीच घेतला.