बिलाची बेरीज

आम्हां सीमाभागातल्या माणसांना निरनिराळ्या भाषांतले कागद हाताळायची सवय असते. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये असतो, तो तलाठ्याकडून समजावून घेतो. लग्नपत्रिका मराठीत असते, ती स्वतः वाचतो. इस्पितळाचे बिल इंग्रजीत असते. त्याची मात्र शेवटची ओळ तेवढी पाहतो आणि पैशांच्या जुळवाजुळवीला लागतो.

गेल्या पावसाळ्यात माझे दाजी न्यूमोनियाने एका खासगी इस्पितळात नऊ दिवस होते. खानापूर तालुक्यातले शेतकरी माणूस. डॉक्टरांनी त्यांना जिवावरच्या दुखण्यातून बाहेर काढले, ते ऋण आम्ही विसरणार नाही. बिल झाले १ लाख ८६ हजार. उसाचे पैसे यायचे होते, म्हणून अक्काने पाटल्या काढून ठेवल्या. मी तपशीलवार बिल मागतो म्हटल्यावर ती घाबरली. म्हणाली, "अरे, कशाला विचारतोस? माणूस अजून त्यांच्याच हातात आहे." हीच भीती घराघरांत असते आणि तीच सगळ्यांत महाग पडते.

अकरा पाने हाती आली. तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेला मी, लाल पेन्सिल घेऊनच बसलो. हातमोजे २१२ जोड. वाफेचा मुखवटा चार वेळा लावलेला, खाटेपाशी एकच. कपाटाच्या खणात सलाईनच्या दोन बाटल्या, सुया आणि इंजेक्शने न फोडलेली. बिलात मात्र सगळी वापरलेली. ती परत केल्यावर आणि जादा मुखवटे वगळल्यावर ९,४०० रुपये कमी झाले. न फोडलेल्या वस्तू आम्ही तशाच सोडल्या असत्या, तर त्यांचे पैसे आमचे आणि वस्तू कोणाच्या, हा प्रश्नच आहे.

बिलाच्या खिडकीतला मुलगा माझाच जुना विद्यार्थी निघाला. हळूच म्हणाला, "सर, एमआरपीपेक्षा एक पैसाही जास्त लावलेला नाही." तो खरे बोलत होता, आणि दुखण्याचे मूळ तिथेच आहे. वेष्टनावरची किंमत ही फक्त कमाल मर्यादा. इस्पितळाला तीच वस्तू पुष्कळ स्वस्तात मिळते. दुकानात गिऱ्हाईक स्वस्त माल शोधते. इथे माल निवडणारा एक आणि पैसे भरणारा दुसरा. त्यामुळे छापील किंमत जितकी मोठी, तितकी ती वस्तू विकणाऱ्याला प्रिय.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने २०१८ साली दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवर नफा १७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. मनात आणले तर किमती उतरतातही. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या औषधी स्टेंटची कमाल किंमत सरकारने २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी तिची छापील किंमत लाखाच्या पुढे असे. त्याच वर्षी नोव्हेंबरात बेळगावच्या अधिवेशनात खासगी इस्पितळांवरील नियंत्रणाचे विधेयक आले. डॉक्टर रस्त्यावर उतरले, राज्यभर दवाखाने बंद राहिले आणि अखेर कायदा बराच सौम्य होऊन मंजूर झाला.

डॉक्टरांची बाजूही आहे. यंत्रे महाग, कर्जाचे हप्ते मोठे, आणि सरकारी इस्पितळात खाट मिळत नाही म्हणून सगळा भार यांच्यावर. पण हा खर्च खाटेच्या भाड्यात, डॉक्टरांच्या फीमध्ये उघड मांडावा. तो हातमोज्यांत लपवला की प्रामाणिक डॉक्टरावरचाही विश्वास उडतो.

वाचकहो, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेली रुग्ण-हक्कांची सनद केंद्रीय आरोग्य खात्याने २०१९ साली राज्यांकडे पाठवली. तपशीलवार बिल मागणे, औषध आपल्या पसंतीच्या दुकानातून आणणे, हे त्यात हक्क म्हणून नोंदलेले आहेत. तेव्हा रोजच्या रोज बिल मागा, आलेल्या वस्तू वहीत टिपा, उरलेल्या परत करा. आवाज चढवायची गरज नसते. वही पाहिली की समोरचा सावध होतो.

यंदा नववीच्या वर्गात शेकडा नफ्याचा धडा आला, तेव्हा मी फळ्यावर आंबे आणि पेट्या लिहिल्या नाहीत. नाव झाकून त्या बिलाचे एक पान लिहिले. मुलांनी बेरीज अचूक केली. मग मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, आमच्या आजीचं बिल आणू का?"