छेदाचा प्रश्न

दुर्बिणीची शस्त्रक्रिया आपल्या घरांना नवी नाही. पित्ताशयातील खड्यांसाठी किंवा कुटुंबनियोजनासाठी ती कोणी ना कोणी करून घेतलेली असतेच. पुण्यातील भाचीने पाळलेल्या कुत्रीची नसबंदी याच पद्धतीने करविली, तेव्हा मात्र खामगावच्या आमच्या घरात वाद उभा राहिला. दुकानाच्या पायरीशी राहणारी कुत्री वर्षातून दोनदा विते आणि तिची बहुतेक पिले कापसाच्या गाड्यांखाली जातात. तिचेही असेच करावे काय?

सासूबाईंचा आक्षेप शास्त्राचा होता. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांपैकी बंध, छेद आणि अन्नपाननिरोध असे तीन येथे एकत्र येतात: पिंजरा, चिरा आणि भुलीपूर्वीचा उपवास. “डॉक्टर रोग्याला चिरतात, हिला कोणता रोग आहे?” अतिचाराचे मूळ कषायात आहे, असे मी म्हटले. “मग आपली सोय हाही लोभच,” असे त्या म्हणाल्या. ते मला खोडता आले नाही. पिलांचे मरण मात्र त्यांनाही पाहवत नव्हते.

उरला प्रश्न, छेद किती. नेहमीच्या पद्धतीत पोटावर चिरा घेऊन अंडाशय ओढून वर आणावे लागतात. त्या ताणाची वेदना मोठी. दुर्बिणीच्या पद्धतीत अर्ध्या-एक सेंटिमीटरची दोन-तीन छिद्रे पुरतात. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात आणि पडद्यावर पाहत, विजेच्या उपकरणाने रक्तवाहिन्या बंद करून अंडाशय जागीच सोडवतात. भूल दोन्हींत लागतेच. उपकरणे महाग, म्हणून रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या वाट्याला सहसा साधा चिराच येतो. सरावलेल्या हाताचा तोही लहान असतो.

१८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. १८३४ साली तेथे पांजरापोळ उभी राहिली. हे आपण अभिमानाने सांगतो. पांजरापोळीला चारा देणाऱ्या हातांनी जनावरांच्या एखाद्या दवाखान्याला दुर्बीण दिली, तर ते दानही तितकेच सत्कारणी लागेल, असे मला वाटते.

सासूबाईंना अखेर पटला तो नियम. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरच्या कुत्र्याला नसबंदी व रेबीजची लस झाल्यावर पुन्हा त्याच जागी सोडावे लागते. म्हणजे ती आमच्याच पायरीशी परतणार होती.

तिला दुर्बीण लाभली नाही. चिऱ्यानेच काम झाले. सासूबाईंनी डॉक्टरांना एकच विचारले, “हिचे पारणे केव्हा?” संध्याकाळी थोडे द्या, असे ते म्हणाले. मऊ भात घेऊन त्या सूर्यास्तापूर्वीच दवाखान्यात पोहोचल्या.