दोन तारखांमधले सोळा दिवस

भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यातला सर्व्हे नंबर ५२, हिस्सा २अ/२. जेमतेम तीन एकर. २८ एप्रिल २०१६ रोजी या जमिनीचं खरेदीखत झालं, तेव्हा घेणाऱ्यांत तत्कालीन महसूलमंत्री एकनाथ खडसे यांच्या पत्नी आणि जावई होते. किंमत ३ कोटी ७५ लाख. मुद्रांक शुल्क मात्र १ कोटी ३७ लाख! दस्त चाळण्यातच हयात गेलेल्या आमच्यासारख्यांची नजर इथेच अडते. शुल्काचा दर सहा टक्क्यांच्या आसपास धरला, तर सरकारी मूल्यांकन बावीस-तेवीस कोटींच्या घरात जातं. शुल्क कुणी बुडवलं नव्हतं. रीतसर भरलं होतं. म्हणूनच तो आकडा कागदावर राहिला.

जमीन आपण केव्हाच संपादित केली, असं एमआयडीसीचं म्हणणं. मोबदलाच मिळाला नाही, मूळ मालकाचं नाव सातबाऱ्यावर कायम आहे, त्यामुळे व्यवहार कायदेशीर आहे, ही खडसे यांची बाजू. निवाडा होऊनही फेरफार न धरल्यामुळे जुनं नाव वर्षानुवर्षं तसंच राहिलेल्या जमिनी पुणे जिल्ह्यात थोड्या नाहीत. तेव्हा या वादाचा निकाल न्यायालयानेच द्यावा.

राजकारणात निकाल लागला तो दुसऱ्याच कागदावर. याच जमिनीबाबत महसूलमंत्र्यांनी १२ एप्रिलला अधिकाऱ्यांची बैठक घेतली होती. बैठकीची नोंद मंत्रालयात, खरेदीची दुय्यम निबंधकांकडे. दोन वेगळी कार्यालयं, दोन वेगळे शिक्के आणि मध्ये फक्त सोळा दिवस. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर खुलासे कितीही केले तरी तारखा हलत नाहीत. ४ जून २०१६ रोजी खडसे यांनी राजीनामा दिला.

कागदांची ही ताकद त्यांच्या पक्षाला, भाजपला ठाऊक नव्हती असं थोडंच आहे? ऑक्टोबर २०१३ मध्ये देवेंद्र फडणवीस आणि विनोद तावडे सिंचन घोटाळ्याची सुमारे १४ हजार पानं बैलगाडीत घालून औरंगाबादला माधवराव चितळे यांच्या समितीकडे गेले होते. विधानसभेतले तेव्हाचे विरोधी पक्षनेते खुद्द खडसे. पुढच्याच वर्षी भाजपने विधानसभेच्या १२२ जागा जिंकल्या.

भोसरी प्रकरणी नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती दिनकर झोटिंग यांच्या समितीने २०१७ मध्ये अहवाल दिला. तो सभागृहात आलाच नाही. जुलै २०२१ मध्ये तर तो मंत्रालयात सापडत नसल्याच्या बातम्या आल्या, मग सापडल्याच्याही आल्या! मधल्या काळात, २०१८ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला होता. २०२२ मध्ये त्याच विभागाने फेरतपासाची परवानगी मागितली. सरकारं बदलली की फायलींचे सूरही बदलतात, हे पुणेकरांना नव्याने सांगायला नको.

१९९० पासून सलग सहा वेळा आमदार झालेल्या खडसे यांना २०१९ मध्ये पक्षाने उमेदवारी नाकारली आणि त्यांच्या कन्या रोहिणी यांना उभं केलं. मुक्ताईनगरात त्या १,९५७ मतांनी हरल्या. शिवसेनेचे बंडखोर चंद्रकांत पाटील यांना राष्ट्रवादीने बळ दिलं होतं, पक्षांतर्गत हेवेदावेही होते; पराभवाचं सगळं खापर एका खरेदीखतावर फोडणं बरोबर नाही. पण मंत्रिपद आणि तिकीट गेलं त्याची सुरुवात भोसरीतूनच झाली, हे माझं ठाम मत आहे.

त्याच २०१६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवार हिलरी क्लिंटन यांची सरकारी ईमेल घरच्या सर्व्हरवर ठेवल्याबद्दल चौकशी चालू होती. मतदानाला अकरा दिवस उरले असताना एफबीआयच्या संचालकांनी अमेरिकी काँग्रेसला पाठवलेल्या पत्रामुळे आपण हरलो, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांनी सरकारी नोंदी स्वतःच्या ताब्यात ठेवल्या, इथे नोंदी सरकारदरबारीच होत्या. जाब मात्र दोघांनाही द्यावा लागला.

नोंदणी झालेल्या दस्ताची सूची क्रमांक दोन नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते, सातबारा महाभूलेखवर मिळतो. पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना फायली पाहण्याची सोयही होती. निवडणुकीआधी आपल्या उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र उघडा, त्यातले सर्व्हे नंबर लिहून घ्या आणि एक दिवस त्यासाठी काढा.