मोजलेले पाणी, वाचलेला दगड

स्मरणिकेसाठी दहावीच्या तुकडीने आपले मनोगत लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची सूचना होती. मनोगत कोणा एकाचे नसावे, सर्वांचे असावे, असे आम्ही ठरवले. म्हणून प्रत्येकाने शाळेत शिकलेली आणि जन्मभर विसरणार नाही अशी एक गोष्ट चिठ्ठीवर लिहून दिली. चिठ्ठ्या एकत्र वाचल्यावर आमचेच आम्हाला नवल वाटले. परीक्षेतील गुण, स्नेहसंमेलनातील बक्षिसे, क्रीडास्पर्धा यांचा उल्लेख तुरळक होता. बहुतेकांनी लिहिले होते ते वर्गाने मिळून केलेल्या प्रकल्पांविषयी. म्हणून हा लेख त्यांच्याविषयीच आहे.

आमच्यापैकी बरेच जण पाचवीत या वसतिगृहात आले. कोणी बीड-परभणीकडचे, कोणी सोलापूरचे, कोणी रायगडातील वाड्यावस्त्यांतले. पहाटेची घंटा, वंदना, थोडा वेळ आनापान, मग स्वच्छता आणि न्याहारी, हा क्रम अंगवळणी पडायला पहिले वर्ष गेले. वंदनेनंतर भन्तेजी कधी कधी बुद्धांनी केसमुत्तच्या कालामांना केलेला उपदेश समजावून सांगत. एखादी गोष्ट परंपरेने चालत आली म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून स्वीकारू नये. ती स्वतः पारखावी, ती हिताची आहे असे अनुभवाला आले तरच तिच्याप्रमाणे वागावे, असा त्याचा आशय. पाचवीत तो आम्हाला एक चांगला विचार वाटत असे. त्यासाठी हात मळवावे लागतात, उन्हात उभे राहावे लागते आणि वहीत आकडे लिहावे लागतात, हे सातवीत कळले.

सातवीच्या जूनमध्ये विज्ञानाच्या सरांनी आम्हाला पाऊस मोजायला लावला. सरळ उभ्या कडांचा एक पत्र्याचा डबा, एक मोजपट्टी आणि एक वही, एवढेच साहित्य. डबा उघड्या मैदानात विटांच्या आधाराने बसवला. रोज सकाळी साडेआठ वाजता पाळीप्रमाणे दोघांनी जायचे, डब्यातील पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये लिहायची आणि डबा रिकामा करायचा. पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात, हा प्रश्न तोपर्यंत कोणाला पडलाच नव्हता. सरांनी फळ्यावर एक चौरस मीटरचा चौकोन काढला आणि त्यावर एक मिलिमीटर उंचीचे पाणी साचले तर त्याचे आकारमान काढायला सांगितले. उत्तर आले बरोबर एक लिटर. त्या दिवसापासून पाऊस आमच्या डोळ्यांसमोर लिटरमध्ये पडू लागला.

पुढचे काम छपराचे होते. वसतिगृहाच्या एका इमारतीचे छप्पर आम्ही दोरीने मोजले. लांबी 20 मीटर, रुंदी 8 मीटर, म्हणजे 160 चौरस मीटर. एका रात्री 25 मिलिमीटर पाऊस झाला. त्या एका छपरावर 4,000 लिटर पाणी पडले होते. पाचवा भाग वाया गेला असे धरले तरी 3,200 लिटर उरत होते. 16 लिटरच्या 200 बादल्या. याच वसतिगृहात एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहत आम्ही रिकाम्या बादल्या घेऊन उभे राहत असू. हा हिशेब एका मोठ्या कागदावर मांडून आम्ही तो शाळा समितीपुढे ठेवला. पुढच्या पावसाळ्यापूर्वी त्या छपराला पन्हळ बसली आणि तिचे पाणी टाकीकडे वळले. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी त्या वेळी वर्गात येऊन सांगितले की तुमची तक्रार असती तर आम्ही ऐकून घेतली असती. तुम्ही हिशेब आणलात म्हणून आम्हाला काम करावे लागले. तक्रार आणि हिशेब यांतील फरक आम्ही तेव्हा शिकलो.

त्याच वर्षी हिवाळ्यात इतिहासाच्या बाईंनी आम्हाला ब्राह्मी लिपीची ओळख करून दिली. आरंभी तो खेळच होता. ब्राह्मीतील ‘क’ म्हणजे बेरजेचे चिन्ह, ‘ठ’ म्हणजे वर्तुळ, ‘थ’ म्हणजे मध्ये टिंब असलेले वर्तुळ. आम्ही एकमेकांना ब्राह्मीत चिठ्ठ्या लिहू लागलो. मग बाईंनी ही विसरलेली लिपी पुन्हा कशी वाचली गेली, ते सांगितले. सांचीच्या स्तूपाभोवतीच्या कठड्यांवरील अनेक लहान लेखांचा शेवट त्याच अक्षरांनी होतो, हे जेम्स प्रिन्सेप यांच्या लक्षात आले. इतक्या ठिकाणी पुन्हा पुन्हा येणारा शब्द ‘दानं’ असावा, असा तर्क त्यांनी केला. त्या ‘द’ आणि ‘न’वरून पुढची अक्षरे उलगडत गेली. हे वर्ष होते 1837. आम्हाला यात विशेष वाटले ते असे की बंद दाराची किल्ली एखाद्या राजाच्या नावात सापडली नाही. ती देणाऱ्यांच्या ‘दान’ या शब्दात सापडली.

त्यानंतर आम्ही कार्ल्याला गेलो. मळवली स्थानकावर उतरून चालत निघालो, पायऱ्या चढलो. एकवीरेच्या दर्शनाला आलेल्या भाविकांची गर्दी होती. तिच्या शेजारीच तो विशाल चैत्य उभा आहे. सुमारे 124 फूट लांब आणि 45 फूट रुंद असे ते दालन डोंगरातून कोरून काढलेले आहे. छताच्या कमानींतील लाकडी फासळ्या दोन हजार वर्षे होत आली तरी जागेवर आहेत. आम्ही खांब मोजले: दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा, स्तूपामागे सात, एकूण सदतीस. मग खांबांवरील लेख शोधू लागलो. सगळे लेख आम्हाला वाचता आले, असे म्हणता येणार नाही. पण ‘दानं’ हा शब्द एका खांबावर प्रथम ओळखला तेव्हा झालेला आनंद अजून ताजा आहे.

बाईंनी बाकीच्या लेखांचा अर्थ सांगितला. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याचे नाव तेथे आहे. पण दाराचे काम करणारा धेनुकाकटचा सामी नावाचा सुतार आहे, दान देणारा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आहे, यवन आहेत, भिक्षुणीही आहेत. आमच्या वर्गातील दोघांचे वडील सुतारकाम करतात. त्यांपैकी एक जण त्या दारापाशी बराच वेळ उभा राहिला. काम करणाऱ्या माणसाचे नाव दगडात कोरून ठेवण्याची एक रीत आपल्या भूमीत होती, ही गोष्ट पुस्तकातील एका वाक्याने आम्हाला इतकी समजली नसती.

आठवीत समाजशास्त्राचा प्रकल्प होता महाडच्या सत्याग्रहाचा. चवदार तळ्याची गोष्ट आमच्यापैकी प्रत्येकाने घरी ऐकलेली होती. भाषणांतही ती आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. सरांनी या वेळी भाषण मागितले नाही, तारखांची पट्टी मागितली. ती भिंतीवर लावली. 1923: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत. 1924: महाड नगरपालिकेचा त्याच अर्थाचा ठराव. 20 मार्च 1927: डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. 17 मार्च 1937: उच्च न्यायालयाचा अस्पृश्यांच्या बाजूने निकाल. सरांनी विचारले, पट्टीवर सर्वांत लांब जागा कोठे आहे? ठराव आणि पाणी यांच्यामध्ये काय आहे?

आम्ही बराच वेळ गप्प होतो. ठराव झाला होता, तळ्यात पाणी होते, तहानलेली माणसे गावातच होती. तरीही ओंजळ पाण्यापर्यंत पोहोचायला चालत जाणारी माणसे लागली, आणि त्या पाण्यावर न्यायालयाची मोहोर उमटायला आणखी दहा वर्षे लागली. कागदावर मिळालेला हक्क आणि हातात आलेला हक्क यांच्यात अंतर असते आणि ते कोणीतरी पायी कापावे लागते. सातवीत आम्ही पाणी लिटरमध्ये मोजले होते. आठवीत ते वर्षांमध्ये मोजले.

या शिकवणुकीची परीक्षा दूर नव्हती. भूगोलाच्या बाईंनी त्याच वर्षी ‘आमच्या घराचे वर्ष’ असा प्रकल्प दिला. प्रत्येकाने बारा महिन्यांचा तक्ता करायचा आणि कोणत्या महिन्यात आपले आईवडील कोठे असतात, काय काम करतात, ते रंगाने दाखवायचे. शेतीचा हिरवा, वीटभट्टीचा तांबडा, ऊसतोडीचा पिवळा. सर्व तक्ते भिंतीवर शेजारी शेजारी लावले तेव्हा दिवाळीनंतरच्या महिन्यांत भिंत पिवळी दिसू लागली. आपापल्या घरची ही गोष्ट प्रत्येकाला ठाऊक होती. ती इतक्या जणांची आहे, हे भिंतीने दाखवले. मग त्या घरांतील मुलांनी वर्गाला सांगितले की मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, फडाजवळच्या कोपीत लहान भावंडांना सांभाळायला मोठी बहीण लागते. पुस्तकातील ‘हंगामी स्थलांतर’ या दोन शब्दांत कोपीतल्या थंडीचा उल्लेख नव्हता.

त्या दिवाळीनंतर वर्गातील दोन बाक रिकामे राहिले. एक आमच्या मैत्रिणीचा, एक मित्राचा. दोघेही सुट्टीला गेले ते परतलेच नाहीत. आम्ही तक्त्यांकडे पाहिले. दोघांच्याही तक्त्यात नोव्हेंबर ते मार्च पिवळा होता आणि मैत्रिणीने आपल्या तक्त्याखाली कारखान्याच्या परिसराचे नावही लिहिले होते. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 मध्ये संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, हे आम्ही नागरिकशास्त्रात पाठ केले होते. ठराव होता, तळे होते. मधले अंतर कोणीतरी चालायचे होते.

आम्ही तो तक्ता मुख्याध्यापकांकडे नेला. पुढच्या रविवारी भूगोलाच्या बाई, वसतिगृहाच्या अधीक्षक आणि एक माजी विद्यार्थी असे तिघे त्या फडावर गेले. पहिल्या भेटीत वडील तयार झाले नाहीत. धाकट्याला कोण पाहणार, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. दुसऱ्या भेटीत माजी विद्यार्थ्याने आपण स्वतः अशाच कोपीत वाढल्याचे सांगितले आणि गावी असलेल्या आजीकडे धाकट्याची सोय कशी होईल, यावर बोलणे झाले. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमची मैत्रीण परत आली. तिच्या हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. बुडालेला अभ्यास आम्ही पाळ्या लावून तिच्याबरोबर पुन्हा केला. तसे करताना आमचाच पहिल्यापेक्षा पक्का झाला. या लेखावरचा शेवटचा हात तिचाच आहे.

मित्र मात्र आला नाही. त्याच्या तक्त्यावर ठिकाण लिहिलेले नव्हते. त्याचे आईवडील दर हंगामात दुसऱ्या मुकादमाबरोबर, दुसऱ्या जिल्ह्यात जात. दोनदा निरोप पाठवले, ते पोहोचले की नाही, कळले नाही. त्याचा तक्ता आम्ही भिंतीवरून काढला नाही. पुढच्या तुकड्यांच्या तक्त्यांत बाईंनी एक रकाना वाढवला: ठिकाण आणि संपर्कासाठी नातेवाईक. तो रकाना त्याने आम्हाला दिलेला आहे, असे आम्ही मानतो.

नववीत मराठीच्या बाईंनी आम्हाला मुक्ता साळवे यांच्याविषयी सांगितले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. शाळेतल्या मुलीने लिहिलेला तो निबंध आजही वाचला जातो. आम्ही स्वतःची तिच्याशी तुलना करीत नाही. परंतु विद्यार्थ्याने वर्गात केलेले काम वहीतच संपले पाहिजे असे नाही, हे तिच्याकडून समजले. भारताच्या संविधानाची उद्देशिका ‘आम्ही’ या शब्दाने सुरू होते. या शाळेत आम्हाला तो शब्द रोज थोडा थोडा करून मिळाला: डब्यातील पाणी मोजताना, खांब मोजताना, आणि वर्गातील बाक मोजताना.

ही स्मरणिका माजी विद्यार्थी, पालक आणि धम्मबांधव यांच्या हाती जाणार आहे, म्हणून शेवटी एक विनंती. पालकांनो, हंगामाला निघताना आपले ठिकाण शाळेला कळवा. मुलाला न्यायचेच असेल तर निघण्यापूर्वी एकदा वसतिगृहात येऊन बोला. माजी विद्यार्थ्यांनो, आपण ज्या तालुक्यात नोकरी-व्यवसाय करता, तेथे कारखान्याचा परिसर असेल तर सुट्टीच्या दिवशी एकदा फडावर जाऊन या. शाळेला देणगी देणारे हात पुष्कळ आहेत आणि त्यांचे ऋण आम्ही जाणतो. पण रिकाम्या बाकापासून कोपीपर्यंत चालत जाणारे पाय आम्हाला अधिक हवे आहेत. येत्या दिवाळीनंतर आम्ही दहावी पास झालेले असू आणि निरनिराळ्या गावी असू. त्या पायांत आमचे पाय असतील, एवढे वचन या पानावर लिहून देतो.

सर्वांस सप्रेम जय भीम. नमो बुद्धाय.