गिरमिट

सुताराच्या पेटीत लाकडाला भोक पाडण्याचे जे पिळाचे हत्यार असते, त्यास आपण गिरमिट म्हणतो. शब्द कानाला अस्सल मराठी वाटतो. परंतु तो इंग्रजी 'गिमलेट' या शब्दाचे आपल्या जिभेवर रुळलेले रूप होय. याच नावाचे एक पेयही आहे. जिन नावाचे मद्य, लिंबाचा रस आणि साखर, एवढेच त्यातील जिन्नस. त्याचे नाव हत्यारावरून पडले की गिमलेट आडनावाच्या एका आरमारी वैद्यावरून, याविषयी दोन मते आहेत. ज्या पानांत मोरावळ्याची व भाजणीची चर्चा व्हावयाची, तेथे हा विषय कशास, असे कित्येक वाचकांस वाटेल. आमचे उत्तर इतकेच की, हा पाहुणा आता पुष्कळ सुशिक्षित घरांच्या उंबरठ्याशी येऊन उभा आहे. आणि उंबरठ्यावरच्या पाहुण्याचे नावगाव विचारून घेणे हे गृहस्थाचे कर्तव्यच होय.

जन्मभर मुलांस शब्दांचे मूळ शोधावयास शिकविल्यामुळे आम्ही प्रथम नावाकडेच वळलो. जिन हा शब्द डच 'जेनेव्हर'चा संक्षेप, आणि त्याचे मूळ लॅटिन 'जुनिपेरुस'. ही एक डोंगरी वनस्पती असून तिची निळसर काळी फळे या मद्यास वास देतात. आपल्या वैद्यकात हिलाच हपुषा म्हणतात, आणि चरकसंहितेत तिचा औषधी म्हणून उल्लेख आहे. धान्यापासून काढलेला निर्गंध मद्यार्क हपुषेसह पुन्हा ऊर्ध्वपातित केला म्हणजे जिन तयार होते. तिच्या सोबतीस बहुधा धने असतात! आपल्या मसाल्याच्या डब्यातील धने परक्या बाटलीत भेटावेत, याची आम्हास मोठी गंमत वाटली.

लिंबाची कथा समुद्रावरची आहे. दीर्घ प्रवासात खलाशांच्या हिरड्या सडून ते मरत. इ. स. १७४७ मध्ये जेम्स लिंड या वैद्याने 'सॉल्सबरी' जहाजावरील बारा रोग्यांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. संत्री व लिंबे मिळालेले दोघे सर्वांआधी सुधारले. पुढे १८६७ साली इंग्लंडात व्यापारी जहाजांवर लिंबाचा रस देणे कायद्याने आवश्यक झाले, आणि त्याच वर्षी लॉक्लन रोझ या गृहस्थाने मद्य न घालता, साखरेच्या योगे तो रस टिकविण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. तो गोड रस जिनमध्ये मिसळला म्हणजे गिमलेट झाले.

परंतु पाहुण्याचे गुण सांगून दोष झाकणे बरे नव्हे. अठराव्या शतकात लंडनच्या गोरगरीब वस्तीत याच जिनने असा कहर मांडला की, तिला आवर घालण्यास पार्लमेंटला १७३६ व १७५१ साली कायदे करावे लागले. हॉगार्थ या चित्रकाराचे १७५१ चे 'जिन लेन' हे चित्र प्रसिद्ध आहे. त्यात नशेत बेभान झालेल्या आईच्या हातून मूल खाली कोसळत आहे. ते चित्र पाहिल्यावर हपुषेचे कौतुक क्षणभर ओठांवरच थांबते.

आमच्या घरात तर या विषयाची एक जुनी जखम आहे. आमचे थोरले बंधू पीत असत. बाटली कधी माळ्यावर, कधी न्हाणीघरात बंबामागे. मोठ्यांस ठाऊक होते, धाकट्यांस ठाऊक होते. उच्चार मात्र कोणी करीत नसे. यकृताच्या विकाराने ते अत्यवस्थ झाले, तेव्हा डॉक्टरांनी वहिनींस विचारले, "रोज किती घेत असत?" त्या माउलीस उत्तर देता येईना. वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचे मीठ किती, तिखट किती हे तिला बिनचूक ठाऊक होते. हे एकच माप तिला कोणी कळू दिले नव्हते. बंधू सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले.

त्यांचाच मुलगा आता बत्तीस वर्षांचा आहे. गेल्या वर्षी तो एके दिवशी आम्हास म्हणाला, "काका, माझे दोन मित्र शनिवारी यायचे आहेत. बाहेर जाण्यापेक्षा घरीच गिमलेट करावं म्हणतो. तुमची नि आईची हरकत असेल तर राहिलं." आम्ही वहिनींकडे पाहिले. त्या बराच वेळ तांदूळ निवडीत राहिल्या, मग म्हणाल्या, "भाऊजी, करू दे त्याला. पण माझ्यासमोर. बाटली कपाटात जायची नाही. फडताळावर सगळ्यांना दिसेल अशी राहील. आणि किती घेतलं ते मला मोजून दिसलं पाहिजे."

आमच्या कुटुंबाचा याला विरोध होता व आजही आहे. ज्या घरातला एक माणूस त्यात गेला, तेथे माप कसले, वर्ज्यच करावे, हे तिचे म्हणणे. त्यास शास्त्राचा आधार आहे. आईबापांपैकी कोणास व्यसन असल्यास मुलांस धोका अधिक असतो. आणि मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे. पुतण्याने हे सर्व ऐकून घेतले आणि स्वतःच नियम घातला: महिन्यातून फार तर एकदा, आणि एकच पेला.

आता कृती. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, आणि जिनसारख्या कडक मद्यास वय पंचवीस पूर्ण असावे लागते. तेव्हा प्रथम तो कागद. मग समभाग साखर व पाणी कोमट करून साखर विरघळवावी व पाक गार होऊ द्यावा. कागदी लिंबाचा रस ऐन वेळी काढावा. साल फार दाबू नये, रस कडवट होतो. एका पेल्यास जिन ३० मिलिलिटर, रस दोन चमचे, पाक दोन चमचे, चमचा ५ मिलिलिटरचा. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरपूर बर्फासह हे घालून पंधरा सेकंद जोराने हलवावे आणि चहाच्या गाळणीने गार पेल्यात गाळावे. आपल्याकडील जिनमध्ये बहुधा शेकडा ४२.८ मद्यार्क असतो. म्हणजे या एका पेल्यातून सुमारे १० ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. आमच्या व वहिनींच्या पेल्यांत जिनऐवजी गार पाणी असते, आणि ते सरबत काही वाईट लागत नाही.

संस्कृतात मात्रा हा शब्द छंदःशास्त्रातही आहे व वैद्यकातही. एक मात्रा अधिक झाली की वृत्त मोडते, हे आम्ही फळ्यावर सहज दाखवीत असू. शरीराचे व घराचे वृत्त मोडलेले इतक्या सहज दिसत नाही. विशेषतः मोजणाराच जेव्हा अंधारात ठेवला जातो.

वहिनींनी त्या बाटलीवर कागदाची उभी पट्टी चिकटविली आहे. प्रत्येक वेळी उरलेल्या जिनच्या पातळीशी त्या पेन्सिलीने रेघ ओढतात व शेजारी तारीख घालतात. सात महिन्यांत पट्टीवर पाच रेघा झाल्या आहेत. आमचे कुटुंब अजूनही त्या फडताळाकडे पाहून नाक मुरडते. परंतु रेघा तीही मोजते, हे आम्ही पाहिले आहे.

वाचकहो, ज्यांच्या घरी ही बाटली नाही, त्यांनी आमचा लेख वाचून ती आणू नये. त्यांचे बरेच चालले आहे. परंतु ज्यांच्या घरी ती माळ्यावर किंवा बंबामागे आहे, आणि सर्वांस ठाऊक असून कोणी बोलत नाही, त्यांनी ती आजच खाली आणून उजेडात ठेवावी.